‘सहा हजार पट’ या आकड्यामागचे विज्ञान : ॲस्टॅक्झँथिनच्या लाल गोळीविषयी

‘जीवनसत्त्व क पेक्षा सहा हजार पटींनी प्रभावी.’ ॲस्टॅक्झँथिन या नावाने विकल्या जाणाऱ्या लालसर गोळीची जाहिरात बहुधा याच वाक्याने सुरू होते. त्वचा तरुण राहते, दृष्टी सुधारते, स्नायूंचा थकवा जातो, हृदय सुरक्षित राहते आणि वार्धक्य लांबते, अशी आश्वासनांची रांग त्यामागून येते. महिनाभराच्या बाटलीसाठी शेकडो रुपयांपासून काही हजारांपर्यंत रक्कम मोजली जाते. ती मोजणाऱ्यांत व्यायामशाळेत जाणारे विद्यार्थी असतात, तशीच मधुमेहाने त्रस्त झालेली वडीलधारी मंडळीही असतात.

माझे म्हणणे आरंभीच मांडणे उचित होईल. निरोगी प्रौढ व्यक्तीने मर्यादित मात्रेत हा पदार्थ घेतला, तर तो घातक ठरतो असा पुरावा आज नाही. परंतु तो घेतल्याने एखादा रोग टळतो किंवा आयुष्य वाढते, असाही पुरावा नाही. पहिल्या विधानाचा आधार घेऊन दुसरे विधान जणू सिद्धच झाले आहे असे भासवणे, हा या व्यापाराचा पाया आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी हा फरक ओळखला पाहिजे आणि घरातल्या माणसांना तो समजावून सांगितला पाहिजे, यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम पदार्थाची ओळख करून घेऊ. ॲस्टॅक्झँथिन हे कॅरोटिनॉइड वर्गातील रंगद्रव्य आहे. गाजरातील बीटा कॅरोटीन, टोमॅटोतील लायकोपीन आणि मक्यातील झिॲक्झँथिन ही त्याची भावंडे. त्याचे रासायनिक सूत्र C₄₀H₅₂O₄ असे आहे. एकाआड एक दुहेरी बंधांची लांब साखळी आणि दोन्ही टोकांना ऑक्सिजनयुक्त कडी, अशी त्याची रचना. या साखळीमुळेच त्याला गडद लाल रंग लाभतो आणि उत्तेजित ऑक्सिजनाची ऊर्जा शोषून घेण्याची क्षमताही लाभते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड कून यांनी सोरेन्सेन यांच्यासह १९३८ च्या सुमारास शेवंडापासून हे द्रव्य वेगळे केले. कॅरोटिनॉइडे आणि जीवनसत्त्वे यांवरील कार्यासाठी कून यांना १९३८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिकही जाहीर झाले.

कोळंबी पातेल्यात पडताच करड्या रंगाची केशरी होते, हे आपल्याकडे ठाऊक नाही असे घर किनाऱ्यावर तरी सापडणार नाही. त्या रंगबदलामागे हेच द्रव्य आहे. कवचधारी प्राण्यांच्या शरीरात ॲस्टॅक्झँथिन प्रथिनाला बांधलेले असते आणि त्या बंधनात त्याचा रंग निळसर-करडा दिसतो. उष्णतेने प्रथिनाची घडी मोडली, की मूळचा तांबडा रंग उघडा पडतो. सालमन माशाचे मांस आणि रोहित पक्ष्याची पिसे यांच्या रंगातही या द्रव्याचा वाटा आहे. मात्र हे प्राणी ते मुळापासून स्वतः तयार करीत नाहीत. ते त्यांना आहारातून, किंवा आहारातील अन्य कॅरोटिनॉइडांचे रूपांतर करून मिळते.

बाटलीतील ‘नैसर्गिक’ ॲस्टॅक्झँथिनाचा प्रमुख स्रोत म्हणजे हिमॅटोकॉकस प्लुव्हिॲलिस हे गोड्या पाण्यातील एकपेशीय शैवाल. अनुकूल परिस्थितीत ते हिरवे असते. नायट्रोजनाची उणीव झाली, ऊन असह्य झाले किंवा पाणी आटू लागले, की पेशी आपली वाढ थांबवते, जाड भिंत उभारते आणि आत लाल रंगद्रव्य साठवू लागते. शुष्क वजनाच्या सुमारे तीन ते पाच टक्क्यांपर्यंत हा साठा पोहोचू शकतो. हवाई बेटांवरील कोना किनारा, इस्राएलमधील अरावा वाळवंट आणि चीनमधील युन्नान प्रांत येथे या शैवालाची शेती होते. दुसरीकडे, खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनांपासून बनवलेले कृत्रिम ॲस्टॅक्झँथिन प्रामुख्याने पाळीव सालमन आणि कोळंबीच्या खाद्यात जाते. सूत्र तेच असले, तरी त्यातील रेणूंची त्रिमितीय मांडणी संमिश्र असते, शैवालातील द्रव्यात ती एकाच प्रकारची असते. म्हणून एकावर झालेले प्रयोग दुसऱ्याच्या नावावर खपवता येत नाहीत.

आता त्या ‘सहा हजार पटीं’कडे वळू. हा आकडा सर्वस्वी काल्पनिक नाही. जपानी संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगमालेत अनेक अँटिऑक्सिडंट द्रव्यांची तुलना केली होती. त्यांनी मोजली ती एकच गोष्ट : सिंग्लेट ऑक्सिजन नावाचे ऑक्सिजनाचे उत्तेजित रूप परीक्षानळीत किती वेगाने शमवले जाते. या एका कसोटीवर ॲस्टॅक्झँथिन जीवनसत्त्व क च्या कित्येक हजार पटींनी सरस ठरले. परंतु सिंग्लेट ऑक्सिजन शमवणे हे जीवनसत्त्व क चे मुख्य काम नव्हेच. ते पाण्यात विरघळते, रक्तात आणि पेशीद्रवात वावरते, मुक्त मूलकांना इलेक्ट्रॉन देऊन निष्प्रभ करते, कोलॅजेन घडवणाऱ्या विकरांना साहाय्य करते. ॲस्टॅक्झँथिन मेदात विरघळते आणि पेशीच्या पटलात जाऊन बसते. मासा झाडावर किती उंच चढतो हे मोजून माकडाला सहा हजार गुण देण्यासारखी ही तुलना आहे.

दुसरी गोष्ट संहतीची. चांगला आहार घेणाऱ्या माणसाच्या रक्तद्रवात जीवनसत्त्व क चे प्रमाण लिटरमागे सुमारे ५० ते ७० मायक्रोमोल असते. नेहमीच्या मात्रेत ॲस्टॅक्झँथिनची गोळी घेणाऱ्याच्या रक्तात त्या द्रव्याचे प्रमाण एका मायक्रोमोलपेक्षाही कमी राहते. शिवाय ते मेदात विरघळणारे असल्याने जेवणात स्निग्ध पदार्थ नसतील, तर त्यातील पुष्कळसा भाग शोषलाच जात नाही. परीक्षानळीतील गुणोत्तर शरीरात जसेच्या तसे उतरत नाही, ते या कारणांनी. अमेरिकेच्या कृषी विभागाने खाद्यपदार्थांची ‘अँटिऑक्सिडंट क्षमता’ दर्शवणारी आपली माहितीसारणी २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली, त्यामागेही हाच विचार होता : नळीतल्या आकड्यांचा मानवी आरोग्याशी संबंध सिद्ध झालेला नव्हता आणि विक्रेते मात्र ते आकडे सर्रास वापरत होते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मुक्त मूलके म्हणजे शरीरात शिरलेले शत्रू आणि अँटिऑक्सिडंट म्हणजे त्यांच्यावर धाडलेले सैन्य, हे चित्र सुटसुटीत असले तरी अपुरे आहे. १९५६ मध्ये डेनहॅम हार्मन यांनी वार्धक्याचा संबंध मुक्त मूलकांशी जोडला, तेव्हा हे चित्र रुजले. त्यानंतरच्या दशकांत जे उमगले ते अधिक गुंतागुंतीचे आहे. आपल्या श्वेतपेशी जंतूंना मारण्यासाठी याच क्रियाशील ऑक्सिजन रेणूंचा वापर करतात. पेशी परस्परांना आणि स्वतःला संदेश देण्यासाठीही त्यांचा उपयोग करतात. त्यांचा तोल राखण्यासाठी सुपरऑक्साइड डिस्म्युटेज, कॅटालेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज अशी विकरांची यंत्रणा शरीराजवळ असते. व्यायामात निर्माण होणारा सौम्य ऑक्सिडीकरणाचा ताण हाच स्नायूंना ‘सुधारणा करा’ असा निरोप देतो. जर्मनीत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, व्यायामासोबत जीवनसत्त्व क व ई यांच्या मोठ्या मात्रा घेणाऱ्या तरुणांमध्ये इन्शुलिनविषयक संवेदनशीलतेत अपेक्षित सुधारणा झाली नाही. गोळ्या न घेणाऱ्यांमध्ये ती झाली. व्यायामशाळेतून बाहेर पडताच अँटिऑक्सिडंटची गोळी तोंडात टाकणाऱ्या मित्रांनी हा निष्कर्ष एकदा शांतपणे वाचावा. तो ॲस्टॅक्झँथिनचा नाही, हे खरे. पण ज्या तर्काच्या बळावर ते विकले जाते, त्या तर्काचा आहे.

हा तर्क यापूर्वी एकदा फार मोठ्या प्रमाणावर तपासला गेला आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक निरीक्षणात्मक अभ्यासांतून असे दिसत होते, की ज्यांच्या आहारात व रक्तात बीटा कॅरोटीन अधिक, त्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी. परीक्षानळीतील गुणधर्म उत्तम होते, प्राण्यांवरील प्रयोग आशादायी होते, पदार्थ गाजरातला म्हणजे ‘नैसर्गिक’ होता. मग चाचण्या झाल्या. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळला आणि एकूण मृत्यूही ८ टक्क्यांनी अधिक. अमेरिकेत धूम्रपान करणारे व ॲस्बेस्टॉसशी संपर्क आलेले कामगार अशा १८,३१४ जणांवर बीटा कॅरोटीन आणि अ जीवनसत्त्व यांच्या मिश्रणाची चाचणी चालू होती. तेथे कर्करोगाचे प्रमाण २८ टक्क्यांनी वाढल्याचे दिसताच १९९६ मध्ये ती नियोजित वेळेच्या २१ महिने आधी थांबवावी लागली. त्याच वर्षी २२,०७१ अमेरिकी डॉक्टरांवरील सुमारे बारा वर्षांच्या चाचणीचा निकाल आला : लाभ नाही, हानीही नाही.

पुढे ३५,५३३ पुरुषांवरील एका चाचणीत जीवनसत्त्व ई घेणाऱ्यांत पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक आढळला. हा निष्कर्ष २०११ चा. २०१२ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात ७८ चाचण्या आणि २,९६,७०७ व्यक्तींची माहिती एकत्र तपासली गेली. अँटिऑक्सिडंट गोळ्यांनी मृत्यू टळतो, याला आधार मिळाला नाही. बीटा कॅरोटीन व जीवनसत्त्व ई मृत्यूचे प्रमाण किंचित वाढवीत असावीत, असेच दिसले.

येथे प्रामाणिकपणे थांबले पाहिजे. बीटा कॅरोटीनने केले तेच ॲस्टॅक्झँथिनही करील, असे म्हणणे अशास्त्रीय ठरेल. दोन्ही रेणू एकाच कुळातले असले, तरी वागणूक एक नाही. बीटा कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते. ॲस्टॅक्झँथिनपासून माणसाच्या शरीरात ते बनत नाही. एकाच कुळात चांगली उदाहरणेही आहेत. वार्धक्यात दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज झालेल्या रुग्णांवरील अमेरिकेतील मोठ्या चाचणीचा दुसरा टप्पा २०१३ मध्ये पूर्ण झाला. त्यात बीटा कॅरोटीनऐवजी ल्युटीन आणि झिॲक्झँथिन घालणे योग्य ठरले. आज त्या विशिष्ट रुग्णांना तसे मिश्रण डॉक्टर देतात. म्हणजे गोळी उपयोगी पडू शकते. परंतु विशिष्ट रोगात, विशिष्ट मात्रेत, हजारो रुग्णांवर तपासल्यानंतर.

याच कुळातले उलट उदाहरणही ध्यानात ठेवावे. कँथाझँथिन हा ॲस्टॅक्झँथिनचा फार जवळचा नातेवाईक; दोघांत फरक केवळ दोन हायड्रॉक्सिल गटांचा. त्वचेला सोनेरी छटा यावी म्हणून पाश्चात्त्य देशांत त्याच्या गोळ्या घेतल्या जात. १९८० च्या दशकात नेत्रतज्ज्ञांना अशा काहींच्या दृष्टिपटलावर त्याचे चमकदार स्फटिक साठलेले आढळले. ॲस्टॅक्झँथिनबाबत असे काही आढळलेले नाही. पण ‘नैसर्गिक रंगद्रव्य आहे, तेव्हा कितीही घ्या’ हा युक्तिवाद किती तकलादू आहे, हे त्यावरून कळते. नात्यावरून न गुण सिद्ध होतात, न दोष. प्रत्येक द्रव्याला स्वतःची परीक्षा द्यावीच लागते.

मग ॲस्टॅक्झँथिनची स्वतःची परीक्षा कुठवर आली आहे? माणसांवरील चाचण्या झाल्या आहेत, पण बहुतेक लहान आहेत : काही डझन व्यक्ती, काही आठवडे किंवा काही महिने. अनेक चाचण्यांचा खर्च उत्पादकांनी केलेला आहे. तेवढ्याने निष्कर्ष खोटा ठरत नाही. परंतु त्याची स्वतंत्रपणे पुनरावृत्ती होणे अधिक निकडीचे ठरते. त्वचेविषयीच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्वचेची आर्द्रता आणि लवचीकता यांत काहीशी सुधारणा दिसली. सुरकुत्यांच्या खोलीत मात्र लक्षणीय फरक आढळला नाही. जाहिरातीतला चेहरा सुरकुत्यांविषयीच बोलतो, हे येथे नमूद करण्याजोगे.

रक्तातील मेदाबाबत २०१० मधील एका जपानी चाचणीत ६१ व्यक्तींना बारा आठवडे निरनिराळ्या मात्रा दिल्या गेल्या. १२ व १८ मिलिग्रॅम घेणाऱ्यांत ट्रायग्लिसराइड घटले. परंतु २०१५ मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा मेदाच्या प्रमाणावर लक्षणीय परिणाम दिसला नाही. रक्तशर्करेत अल्पशी घट तेवढी दिसली. या सर्व ठिकाणी मोजले गेले ते निर्देशांक. हृदयविकाराचा झटका टळला का, मधुमेह लांबला का, माणूस अधिक जगला का, हे प्रश्न विचारणारी मोठी व दीर्घकाळ चाललेली चाचणी झालेली नाही. निर्देशांक सुधारला म्हणजे आरोग्य सुधारलेच असे नाही.

उंदरांवरील एक अभ्यास मात्र गांभीर्याने घेण्याजोगा आहे. अमेरिकेत तीन स्वतंत्र प्रयोगशाळांत एकाच वेळी, जनुकीयदृष्ट्या विविध उंदरांवर, आयुर्मानवाढीच्या दाव्यांची कसून तपासणी केली जाते. तेथे ॲस्टॅक्झँथिन दिलेल्या नर उंदरांचे मध्यक आयुर्मान १२ टक्क्यांनी वाढले. माद्यांमध्ये वाढ आढळली नाही. हा निकाल कुतूहल वाढवणारा आहे आणि त्यावर पुढे संशोधन व्हायलाच हवे. पण ‘ॲस्टॅक्झँथिनने आयुष्य १२ टक्क्यांनी वाढते’ अशी बातमी जेव्हा समाजमाध्यमांवर फिरते, तेव्हा तिच्यातून ‘उंदीर’ आणि ‘नर’ हे दोन शब्द गळून पडलेले असतात. त्या उंदरांना आहारात मिळालेली मात्रा शरीराच्या वजनाच्या मानाने गोळीतील मात्रेहून कितीतरी अधिक होती, हेही कोणी सांगत नाही.

सुरक्षिततेची बाजू तुलनेने बळकट आहे आणि ती तशीच सांगितली पाहिजे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात माणसांवरील ८७ अभ्यास पाहण्यात आले. त्यांत गंभीर स्वरूपाची चिंता आढळली नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये प्रौढांसाठी गोळ्यांतून रोज ८ मिलिग्रॅमपर्यंतचे सेवन सुरक्षित मानले. चौदा वर्षांखालील मुलांबाबत मात्र ही मात्रा स्वीकारार्ह मर्यादा ओलांडते, असे त्याच मतात म्हटले आहे. बाजारात ४ पासून १२ मिलिग्रॅमपर्यंतच्या गोळ्या मिळतात, म्हणजे वरच्या टोकाची गोळी युरोपच्या मर्यादेबाहेर जाते. याच प्राधिकरणाने त्यापूर्वी सांधे, त्वचा इत्यादींबाबतचे ॲस्टॅक्झँथिनचे आरोग्यविषयक दावे तपासले, तेव्हा कार्यकारणसंबंध प्रस्थापित झालेला नाही असा निर्णय दिला होता. एकाच संस्थेची ही दोन मते शेजारी ठेवून वाचावीत : सुरक्षित, होय, उपयुक्त, सिद्ध नाही.

‘आहारातलाच तर पदार्थ आहे’ असा युक्तिवाद करणाऱ्यांनी मात्रेचा हिशेबही करावा. पाळीव अटलांटिक सालमनच्या एका किलो मांसात साधारण ६ ते ८ मिलिग्रॅम ॲस्टॅक्झँथिन असते. म्हणजे १२ मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे रोज दीड ते दोन किलो मासा. आहारात असणे आणि आहारातून कधीच मिळाली नसती इतकी मात्रा रोज घेणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. गर्भवती व स्तनदा माता, लहान मुले, रक्त पातळ ठेवणारी किंवा मधुमेह-रक्तदाबाची औषधे घेणारे आणि कर्करोगावर उपचार घेणारे, यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज अशी गोळी घेऊ नये. कवचधारी प्राण्यांची ॲलर्जी असणाऱ्यांनी गोळीतील द्रव्य शैवालाचे आहे की कोळंबी वा क्रिलचे, हे पाहणे अगत्याचे.

आता आपल्या देशाकडे पाहू. भारतात अशा गोळ्या औषध म्हणून नव्हे, तर अन्न म्हणून विकल्या जातात. २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा आणि पूरक आहार व न्यूट्रास्युटिकल यांविषयीचे २०१६ चे विनियम त्यांना लागू होतात. हे विनियम पुढे सुधारले गेले. नव्या औषधाला बाजारात येण्यापूर्वी परिणामकारकता सिद्ध करावी लागते. मान्य घटक असलेल्या पूरक आहाराला तशी परीक्षा द्यावी लागत नाही. त्याच्या वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापणे मात्र बंधनकारक आहे, आणि रोग बरा करण्याचा वा टाळण्याचा दावा करण्यास मनाई आहे. प्रत्यक्षात काय दिसते? हे बंधनकारक वाक्य बाटलीच्या पाठीमागे बारीक अक्षरांत असते; संकेतस्थळावर, चित्रफितींत आणि ओळखीच्या माणसांच्या संदेशांत हृदय, मेंदू, डोळे आणि मधुमेह यांची नावे ठळक अक्षरांत असतात. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी कायद्याच्या कलम ५३ मध्ये दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण मोबाइलच्या पडद्यावर तीस सेकंद चमकून जाणाऱ्या दाव्यापर्यंत तो हात क्वचितच पोहोचतो.

आणखी एक धोका आपल्याकडे विशेष आहे. अनेक अँटिऑक्सिडंट द्रव्यांचे मिश्रण असलेल्या गोळ्यांत बीटा कॅरोटीनही असू शकते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार देशातील २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरतात. धूम्रपान करणारे दहा टक्क्यांहून अधिक आहेत. ज्यांच्यात बीटा कॅरोटीनने फुप्फुसाचा कर्करोग वाढल्याचे सिद्ध झाले, तो नेमका हाच वर्ग. ‘सिगारेट सुटत नाही, निदान अँटिऑक्सिडंट तरी घेतो’ असे म्हणणारा माणूस आपणा सर्वांच्या परिचयात असतो. त्याला वेष्टनामागील घटकांची यादी वाचून दाखवणे, हे आपले कर्तव्य आहे.

याचा अर्थ ॲस्टॅक्झँथिनवर संशोधनच नको, असा मुळीच नाही. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने या विषयात अनेक वर्षे मोलाचे काम केले आहे. हिमॅटोकॉकसची वाढ, त्यातील द्रव्याचे शोषण, तसेच कोळंबीच्या टाकाऊ डोक्या-कवचांपासून खाद्यतेलाच्या साहाय्याने रंगद्रव्य काढण्याची पद्धत, यांवर तेथील शास्त्रज्ञांचे निबंध जगभर वाचले जातात. भारत दरवर्षी सात लाख टनांच्या आसपास गोठवलेली कोळंबी निर्यात करतो आणि प्रक्रियेनंतर डोकी व कवचे यांचा प्रचंड कचरा मागे उरतो. त्यातून मत्स्यखाद्यासाठी रंगद्रव्य मिळवणे, हे आयात वाचवणारे, प्रदूषण घटवणारे आणि किनाऱ्यावरील कामगारांना रोजगार देणारे विज्ञान आहे. त्यासाठी अमरत्वाचे आश्वासन देण्याची आवश्यकता नाही.

पण आरोग्याच्या नावाने खर्च करायचा, तर प्राधान्य कशाला? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालील ६७.१ टक्के बालके रक्तक्षयाने ग्रस्त आढळली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार अयोग्य आहाराशी जोडला आहे. त्याच सूचनांत रोजच्या ताटात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे असावीत, असे सांगितले आहे. ज्या घरात पालेभाजी, डाळ आणि फळ यांचा खर्च ‘परवडत नाही’ म्हणून कापला जातो, त्याच घरात मुलाच्या व्यायामासाठी वा आजोबांच्या डोळ्यांसाठी ही लाल बाटली येते, तेव्हा फसवणूक केवळ पैशाची होत नाही. त्या पैशाने जे खरोखर मिळाले असते, तेही हिरावले जाते. आणि एखादा रुग्ण गोळीच्या भरवशावर मधुमेहाचे औषध सोडतो, तेव्हा तर प्रश्न प्राणांचा होतो.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. एक, वेष्टनावरील ‘औषधी वापरासाठी नाही’ ही सूचना उत्पादनाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत, पुढच्या बाजूला आणि भारतीय भाषांत असावी. दोन, संकेतस्थळावर किंवा चित्रफितीत आरोग्यविषयक दावा करणाऱ्याने तो माणसांवरील चाचणीतून आला की परीक्षानळीतून, हे तेथेच लिहावे. न लिहिल्यास ती दिशाभूल मानली जावी. तीन, उत्पादकांना खरोखरच विश्वास असेल, तर त्यांनी निधी द्यावा आणि एखाद्या स्वायत्त सार्वजनिक संस्थेने भारतीय लोकसंख्येवर मोठी, पूर्वनोंदणी केलेली चाचणी करावी. निकाल अनुकूल लागला, तर या लेखातील मत बदलण्यात मला आनंदच वाटेल.

विद्यार्थी मित्रांनो, तोवर कोणत्याही पूरक गोळीचा दावा समोर आला, तर पुढील प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्या :

१. प्रयोग कशावर झाला : नळीत, उंदरावर की माणसावर?
२. किती माणसे होती आणि किती काळ?
३. मोजले काय : रक्तातील निर्देशांक की प्रत्यक्ष रोग व मृत्यू?
४. तुलनेसाठी बनावट गोळी घेणारा गट होता का?
५. खर्च कोणी केला, आणि दुसऱ्या कोणाला तोच निकाल मिळाला का?
६. गोळीतील मात्रा प्रयोगातील मात्रेइतकीच आहे का?

या सहा प्रश्नांना जी गोळी समाधानकारक उत्तरे देईल, ती अवश्य घ्या. ॲस्टॅक्झँथिनला आज त्यांतील दोन-तीन प्रश्नांपलीकडे जाता येत नाही. ते शैवाल आपल्या संकटकाळात स्वतःच्या रक्षणासाठी हे रंगद्रव्य बनवते, आणि त्याच्यापुरते ते काम चोख होते. आपल्या शरीरातही ते तसेच काम करील का, हा प्रश्न अद्याप खुला आहे. खुल्या प्रश्नावर संशोधन करावे, चर्चा करावी, मतभेदही व्हावेत. त्याचे उत्तर मिळाले आहे असे सांगून त्याची बाटली विकू नये.

हा मजकूर उपयुक्त वाटल्यास घरातील ज्येष्ठांना आणि व्यायामशाळेतील मित्रांना अवश्य वाचून दाखवावा. वेगळा पुरावा कोणाजवळ असल्यास तो मांडावा. चर्चेचे स्वागत आहे.

#विज्ञान #आरोग्य #पोषण #वैज्ञानिक_दृष्टिकोन